म्हस्कूला हवं असलेलं सेक्रेटरी

कन्हेरीच्या म्हस्कूच्या घराण्यात आजोबांपर्यंत सगळ्यांनी मेंढरं राखली. वडिलांनी मेंढरं विकून जमीन घेतली आणि म्हस्कूनं जमिनीकडं पाठ फिरवून जुनं लाकूड धरलं. त्याच्याकडं एक टेम्पो होता. तो घेऊन गावोगाव हिंडायचा, कुणाची मोडकी खुर्ची, कुणाच्या माळ्यावर पडलेलं कपाट उचलून आणायचा. बारामतीत इंदापूर रस्त्याला पत्र्याची शेड टाकली होती. तिथं बसून घासायचा, पॉलिश करायचा, आणि पुण्याचं गिऱ्हाईक आलं की विकायचा.

त्यातल्या त्यात त्याचा जीव एका तऱ्हेच्या लिहायच्या टेबलावर होता. ते कपाटासारखं उभं असायचं, वर तिरकं झाकण. झाकण पुढं ओढून आडवं केलं की लिहायची फळी तयार, आणि आत लहान लहान कप्पे, कबुतरांच्या खुराड्यासारखे. पुण्यातले व्यापारी त्याला सेक्रेटरी म्हणायचे, म्हणून म्हस्कूही सेक्रेटरी म्हणायचा. त्याचा घोटाळा गावात व्हायचा.

एकदा अंथुर्ण्यात पारापाशी टेम्पो थांबवून त्यानं विचारलं, "गावात कुणाकडं जुनं सेक्रेटरी हाय का?"

पारावरचा म्हातारा म्हणाला, "सोसायटीचा व्हय? जुना गेला बदलून. नवा आलाय, पण त्यो बी कुणाच्या हाताला लागत न्हाय."

अशा माणसाचं लग्न जमत नव्हतं, यात नवल नव्हतं. बघायला आलेल्या मंडळींना घरात बसायला जागा नसायची. सगळीकडं मोडकं सामान, आणि जी खुर्ची धड दिसायची तिच्यावर बसू नका म्हणून म्हस्कू आधीच सांगायचा. तिशी उलटली तसे त्याचे चुलते तात्याबा हट्टाला पेटले. सणसरला सर्जेरावांची दिपाली म्हणून मुलगी आहे, शिवणकाम करते, चार लोकांत बोलायला घाबरत नाही, एवढं त्यांनी शोधून काढलं आणि चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात म्हस्कूला इस्त्रीचा शर्ट घालायला लावून घेऊन गेले.

सर्जेरावांच्या घरी सोप्यात चटया टाकल्या होत्या. पोहे आले. ऊस, पाटाचं पाणी, कारखान्याची तोड, असं बोलणं चाललं. म्हस्कूचं लक्ष समोरच्या भिंतीकडं गेलं आणि तिथंच राहिलं. भिंतीशी सागवानी सेक्रेटरी उभं होतं. झाकण उघडं, कप्प्याकप्प्यांत रंगीत रिळं, बटणांच्या डब्या, खडू. फळीवर अर्धं कापलेलं ब्लाउजचं कापड. पण फळीखाली टेकू म्हणून पालथी बादली आणि तिच्यावर दोन विटा.

दिपाली चहा घेऊन आली. तात्याबांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं. ती उत्तरं देत गेली. मग तिनं कापड घडी घालून बाजूला ठेवलं, झाकण वर करून लावलं आणि खाली बसली.

तात्याबा म्हणाले, "तुला काय विचारायचं आसंल तर इचार, म्हस्कू."

म्हस्कूनं विचारलं, "ह्याचे दांडे कुठं गेले?"

कुणाला काही कळेना. म्हस्कू उठला आणि सरळ त्या टेबलापुढं गुडघ्यावर बसला. झाकणाखाली दोन्ही अंगाला सरकणारे दांडे असतात, ते पुढं ओढून त्यांच्यावर फळी टेकवायची असते. ते दमटपणानं आत अडकले होते. डावा दांडा ओढायला म्हणून तो आडवा झाला, डोकं खाली घातलं, आणि नेमके त्याच वेळी दिपालीचे मामा इंदापूरहून येऊन दारात उभे राहिले. त्यांना नवरामुलगा म्हणून फक्त दोन तळवे दिसले.

सर्जेराव चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "तात्याबा, तुमी पोरगी बघाय आलाय का फर्निचर?"

परतल्यावर कन्हेरीत टेम्पोतून उतरता उतरता तात्याबा म्हणाले, "आता तुझं लगीन एखाद्या कपाटाशीच लावतो."

म्हस्कूला वाईट वाटलं. टेबलाचं वाटलं, तसं मुलीचंही वाटलं, आणि दोन्हींत जास्त कुणाचं ते त्याचं त्यालाच नीट सांगता येईना. कामात हात चालेना. पॉलिश लावलेल्या खुर्चीवर तोच चुकून बसला.

आठवड्याच्या बाजाराला दिपाली अस्तराचं कापड घ्यायला बारामतीत आली आणि विचारत विचारत शेडवर पोचली. सोबत मैत्रीण होती, ती बाहेर रसवंतीपाशी थांबली.

"त्या दिवशी मी कुठल्या रंगाची साडी नेसले हुते?" दिपालीनं आल्या आल्या विचारलं.

म्हस्कूनं डोकं खाजवलं. "न्हाय आठवत."

"आन् टेबलाला बिजागऱ्या किती हुत्या?"

"तीन. मधली निखळलीया."

दिपालीला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. "म्हंजे आमचं वडील म्हणत्यात ते खरं. तुमाला टेबल पायजे, मी त्याच्यासंगं आले तर आले."

म्हस्कूनं हातातला पॉलिशचा बोळा डब्यात टाकला. मग म्हणाला, "साडी न्हाय बघितली. पण तुमी झाकण लावलं ते बघितलं. दोन्ही हातांनी, हळू. खालनं आधार देऊन. समदी लोकं धाडकन आदळत्यात, म्हणून तर बिजागऱ्या जात्यात. मला वाटलं, हे माणूस वस्तू जपतंय, तर माणूसबी जपंल."

दिपाली म्हणाली, "टेबल न्हाय मिळायचं. कालव्याच्या गोऱ्या सायबानं जाताना माझ्या पणज्याला दिलंय त्ये. भावाकडंच ऱ्हाणार."

"ऱ्हाऊ द्या की. दांडे तेवढे मोकळे करून देतो. बादलीवर किती दिवस चालवनार?"

घरी जाऊन तिनं वडिलांना एवढंच सांगितलं की माणूस जरा येडा हाय, पण खोटं बोलत न्हाय. सर्जेराव दोन दिवस धुसफुसले आणि मग त्यांनी तात्याबांना निरोप धाडला. साखरपुड्याआधी म्हस्कू सणसरला जाऊन दांडे मोकळे करून, बिजागरी बसवून आला. होणारा जावई सोप्यात रंधा मारतोय हे बघायला निम्मी आळी जमली. सर्जेरावांना त्याची लाज वाटली, पण फळी बादलीशिवाय उभी राहिली तेव्हा त्यांनीच पहिल्यांदा तिच्यावर हात दाबून बघितला.

लग्न झालं. दिपालीनं शिलाई मशीन शेडमध्येच मांडली आणि बाजूला रिळांसाठी म्हस्कूकडचं एक सेक्रेटरी घेतलं. रिळं लावली, कात्र्या लावल्या. पुढच्याच रविवारी पुण्याच्या एक बाई आल्या, ते भरलेले कप्पे बघून हरखल्या, आणि तेच पाहिजे म्हणून बसल्या. दिपालीला रिळं काढावी लागली. तिनं दुसरं भरलं, तेही गेलं. तिसरंही. रिकामं ठेवलेलं सेक्रेटरी धूळ खात पडायचं आणि दिपालीनं रंगीत दोऱ्यांनी भरलेलं हातोहात खपायचं. धंदा कधी नव्हे असा चालला. म्हस्कू खूश, आणि दिपालीची रिळं कायम पिशवीत.

चौथं तिनं स्वतः निवडलं. एका पायाला जोड दिलेला, झाकणाला चीर, पॉलिशही न केलेलं. असलं कोण घेतंय, असा तिचा हिशोब. पण एक डॉक्टरसाहेब मोटारीतून उतरले, थेट त्याच्याच पुढं उभे राहिले आणि म्हणाले, "हे अस्सल वाटतंय. हेच द्या."

म्हस्कू तोंड उघडणार तोच दिपालीनं मशीन थांबवली.

"हे विकायचं न्हाय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी म्हस्कूकडं बघितलं. म्हस्कूनं बायकोकडं बघितलं, मग टेबलाकडं.

"त्या म्हणत्यात म्हंजे न्हाय," तो म्हणाला. "या, तिकडं खुर्च्या बघू. बसूनसुदा बघा, काय हरकत न्हाय."

दिपालीनं सुईत दोरा ओवला आणि मशीन पुन्हा सुरू केली.