घरीच असते म्हणणाऱ्या बाईचा दमा

“टीबी नाही तुम्हाला. ऑक्युपेशनल अस्थमा आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे कामाच्या जागी नाकातोंडात जाणाऱ्या धुळीने जडलेला दमा. आधी हायसं वाटलं, मग कारखान्याच्या शेठचा असा संताप आला!

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहायचे आणि उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचे. सरकारने किमान वेतन ठरवलेलं, त्याखाली मजुरी द्यायची नाही असा कायदा. शेठने त्यावर भारी उपाय काढला. मजुरी होती तेवढीच ठेवली आणि शटर खाली ओढलं. लेबर ऑफिसच्या साहेबाला आम्ही दिसायलाच नको! खिडक्यांवर पुठ्ठे ठोकले. निळी धूळ आत, आम्हीही आत.

शेठने पढवलं होतं, “कोई भी पूछे, बोलने का, घर पे ही रहती हूँ.” ते इतकं अंगवळणी पडलं, की खोकल्याने बेजार होऊन दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांनी काम विचारलं, तरी तोंडातून तेच निघालं. “घरीच असते.”

मग एक्स-रे, थुंकीची तपासणी, बाकावर बसून वाट बघणं. थुंकीत काही सापडेना, तरी संशय टीबीचाच. घरात माझं ताट वेगळं झालं. धाकटीला जवळ घेता येईना, त्याचं फार रडू यायचं.

शेवटी या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी माझ्या नखांवरून स्पिरिटचा कापूस फिरवला. कापूस निळा झाला.

“घरी बसून हा रंग लागतो?”

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी पंप दिला, तोंडात औषध फवारायचा. “पण त्या बंद खोलीत बसलात, तर हाही पुरणार नाही,” म्हणाल्या.

काम सोडणं परवडणारं नव्हतं. पंप कमरेला खोचून परत गेले. काही दिवसांनी लेबर ऑफिसचे साहेब शटरबाहेर येऊन उभे राहिले. नेहमीप्रमाणे बायका मागच्या दाराने निघाल्या. शेजारी बसणाऱ्या सखूने माझा हात ओढला, “अगं चल ना, मरायचंय का?”

“इथं बसून दुसरं काय करतोय?” म्हटलं आणि शटर वर ढकललं. “साहेब, मी इथं कामाला आहे. ह्या सगळ्याजणी पण.”

सखू दारातून मागे फिरली आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

शेठने मला काढलं. पुढे मजुरी वाढली, पण कायद्याएवढी नाही. पुठ्ठे मात्र निघाले, सखूने सांगितलं. मी बदलापुरात उघड्या दाराच्या दुकानात शिलाईला लागले. पंप अजून लागतो. डॉक्टरीणबाईंचे उपकार विसरणार नाही.

तुमचाही खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना आपलं काम खरं सांगा. मी तर आता कुणी न विचारताही सांगते.