जनरल भावजी

माझ्या मेहुण्याची ओमानमधल्या सूर शहरातली नोकरी मी घालवली. आजवर कोणी विचारलं की मी परदेशी फौजेवर ढकलून मोकळा व्हायचो. पण त्याला अडवणारा मी होतो.

ओमानच्या वाळवंटात त्या फौजेचा हवाई तळ होता. तिथल्या देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीत मी सुपरवायझर. बायकोच्या धाकट्या भावाला कोकणातून मीच एसी मेकॅनिक म्हणून आणलं. हँगरपासून मेसच्या कोल्ड रूमपर्यंत सगळं त्याच्याकडे. उन्हाळ्यात तो नसता तर माझी धडगत नव्हती.

सूरच्या एका बर्फाच्या कारखान्याला तो हवा होता. तिथला अर्बाब, म्हणजे मालक, स्वतः भेटायला आला. मासेमारीच्या होड्यांना बर्फ लागतोच, काम बंद पडायचं नाही, म्हणाला. फक्त आमच्या कंपनीची एनओसी हवी होती, आणि ती माझ्या शब्दावर मिळाली असती.

“जाऊ का, भावजी?”

“वेडा आहेस का? मासळीच्या वासात राहणार? अरे, इथून होर्मुझपर्यंत सगळा समुद्र यांच्या टप्प्यात आहे. असला तळ ही फौज कधी सोडेल का?”

“बरं, जनरलसाहेब,” तो हसला आणि राहिला.

मस्कतच्या अल् घुब्रा भागात मित्राच्या फ्लॅटवर शुक्रवारी मटण शिजेपर्यंत आम्ही असेच गप्पांत आरमारं हलवायचो. तिथलीच अक्कल मी त्याला ऐकवली. त्यामागे माझा उन्हाळा होता, हे मात्र बोललो नाही.

पुढे तळाचा करार वाढला नाही. तळ गेल्याने त्या फौजेच्या देशाचं केवढं नुकसान झालं, हे टीव्हीवर तज्ज्ञ समजावून सांगत होते. कसलं नुकसान! त्यांनी विमानं उचलली आणि दुसऱ्या देशात नेऊन उतरवली. मोल धावपट्टीला होतं. तिच्या कडेला भांडी घासणाऱ्या, पाइप जोडणाऱ्या माणसांना कुठल्या नकाशात जागा असते? “खलास,” एवढंच सांगून कंपनीने व्हिसे रद्द केले. मला मस्कतच्या ऑफिसात घेतलं. सूरला तोवर दुसरा माणूस लागला होता.

विमानतळावर तो माझ्या पाया पडला. “मी रडलो ते ताईला सांगू नका,” म्हणाला. मी त्याच्या पाठीवर थोपटलं, जसं काही दोघांवर सारखंच संकट आलं होतं.

यंदा रजेत गेलो, तेव्हा तो बाजारात कुणाचा तरी जुना फ्रिज उघडून बसला होता. गल्फसाठी आता वयामुळे त्याला कोणी घेत नाही.

“या जनरलसाहेब! आता कुठला समुद्र ताब्यात घेताय?”

गिऱ्हाईक हसलं. मीही हसणार होतो. पण त्याच्या शेजारी खाली बसलो आणि म्हणालो, “तळाचं मला काहीच कळत नव्हतं रे. तू गेलास तर माझे हाल होतील, म्हणून तुला सूरला जाऊ दिलं नाही. तुझं नुकसान मी केलं. मला माफ कर.”