आई ढगात गेली तेव्हा

माझी आई वारल्याची बातमी मीच फोनवरून दिली. त्या वेळी आई ठणठणीत होती.

दोष असलाच तर आमच्या लेकीचा. ऋजुताने लग्नाच्या वाढदिवसाला आम्हा नवरा-बायकोसाठी डोंगरावरच्या एका आलिशान रिसॉर्टचं बुकिंग केलं. "बाबा, तुम्ही दोघं मस्त रोमँटिक राहून या!" मग आईला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून तिलाही घेतलं. (आमच्यात रोमँटिक म्हणजे तिघं.)

दसरा नुकताच झाला होता. मुंबईत ऑक्टोबरचा असा उकाडा, की लालबागच्या आमच्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावरसुद्धा शिवडीकडून फक्त धूळ यायची, वारा नाही. आणि इथे वर? पाऊस सरलेला, उतारावर सोनकीची पिवळी फुलं पसरलेली, ऊन साजूक तुपासारखं. दरीतून ढग इतके सावकाश वर यायचे, जणू त्यांनीही रजा टाकली होती! आमचं कॉटेज दरीच्या काठाला. गादी एवढी मऊ, की आई तिच्यावर टेकली आणि दिसेनाशीच झाली.

"मेल्या, माका वर काढ!" आतून आवाज आला. "ही गादी नाय, चिखल असा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी हॉटेलचा पांढराशुभ्र, जाडजूड झगा अंगात चढवला. (तो घातला की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो.) चहाचा कप घेऊन व्हरांड्यात आलो. आई शेजारी वेताच्या खुर्चीत शाल पांघरून बसली होती. इतक्यात एक ढग दरीतून उठून सरळ आमच्याकडेच आला. आधी बाग गेली, मग आई, मग माझा चहा! सगळं पांढरं, गार, गप्प. मी डोळे मिटले. आता जगात कुणाचं काही करायचं उरलेलं नाही, असं काहीसं वाटत राहिलं. किती वेळ, देव जाणे.

डोळे उघडले तर खुर्चीत नुसती शाल.

"नीता, आई आत आलीय?"

"नाही! तुझ्याजवळच बसल्या होत्या ना?" बायको केस पुसत बाहेर आली. "तू काय करत होतास?"

"मी... जरा डोळे मिटले होते."

"उभ्या उभ्या झोपलास?"

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, बाहेर हातभर दिसत नाही, आणि बागेपलीकडे दरी! मी आत धावलो आणि फोन उचलला.

"रिसेप्शन? अहो, माझी आई ढगात गेली!"

रिसेप्शनवरची मुलगी अगदी मऊ आवाजात म्हणाली, "सर... कधी?"

"आत्ता! मी चहा पीत होतो!"

"आजारी होत्या का?"

"छे हो! चांगली खुर्चीत बसली होती. डोळे उघडून बघतो, तर गेलेली!"

"फार वाईट झालं, सर. स्वतःला सांभाळा."

"सांभाळतो, पण तुम्ही माणसं पाठवा ना लवकर!"

"चार पुरतील ना, सर?"

"पुरतील!" म्हणालो आणि झग्यातच बाहेर पडलो.

"आई! ए आई!" पायात हॉटेलच्या कापडी सपाता, पुढे नुसता कापूस. हाक मारली की तीही ढगात विरून जायची. इथला तरणतलाव मॅनेजरने आदल्या दिवशी मोठ्या अभिमानाने दाखवला होता. 'पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं, कळतच नाही, सर!' खरंच कळलं नाही. मी आकाश समजून पाय टाकला.

संपलं! गेलो कड्यावरून! पण कडा छान कोमट होता. झगा चारी बाजूंनी कमळासारखा फुगला, मी मधोमध तरंगत राहिलो. खाली पांढरं, वर पांढरं, कुठेतरी एक पक्षी शीळ घालतोय. मेल्यावर असं असतं तर काय वाईट आहे, असं मनात येतंय तोच वरून आवाज आला,

"झिला, कपडे घालून पाण्यात कित्याक उतारलंस?"

ढग जरासा फाटला. काठावर आई! साडी घोट्याच्या वर घेऊन, पाय पाण्यात सोडून, निवांत.

"आई! तू इथे कशी?"

"ढग दारात इलो. म्हटलंय, आता हो खंय जाता ता बघूया. तेच्या मागसून इलंय." ढग कुठे जातो ते बघायला त्याच्या मागोमाग आलेल्या आईने पाय हलवले. "पाणी बरा गरम असा."

मला हसू की रडू कळेना. तेवढ्यात धुक्यातून मॅनेजर प्रकटले. मागे माना खाली घातलेले चार कर्मचारी, एकाच्या हातात घडी घातलेली पांढरी चादर. मॅनेजर आईपुढे वाकले.

"आजी, तुम्ही वडीलधाऱ्या आहात. सरांना धीर द्या. त्यांच्या आई गेल्या."

"कोणाची आई?"

"सरांची. आत्ताच."

आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पाण्यातल्या माझ्याकडे. "आणि मगे मी कोण?"

मॅनेजरचा चेहरा झग्यापेक्षा पांढरा झाला. मी पाण्यातूनच खुलासा केला, पण फुगलेल्या झग्यात मान तेवढी बाहेर असताना माणसाचं म्हणणं कुणी फारसं मनावर घेत नाही. झग्याने आता इतकं पाणी पिऊन घेतलं होतं, की मला हलता येईना. माणसं चार पुरली, पण आईला नव्हे, मला उचलायला! चादरही कामी आली. मला तिच्यात गुंडाळलं. मागून शाल घेऊन धावत आलेल्या नीताने ते दृश्य पाहिलं आणि ती गवतात बसून पोट धरधरून हसली. (लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला इतकं खूश मी पहिल्यांदाच केलं.)

खोलीकडे निघालो, तर दरीतून पुढचा ढग आला. वाट बुडाली. मी म्हटलं, "आई, हात धर."

तिने धरला. चांगला मनगटापाशी, घट्ट.

"सोडू नको हां," ती म्हणाली. "तू वेंधळो. हरावशीत."

मागून चौघांपैकी कुणीतरी हलकेच बोललं, "आजी, सरांना सांभाळून न्या, पुढे पायरी आहे."

आणि मी, पुढच्या वर्षी निवृत्त होणारा गृहस्थ, चादर सावरत, आईचा हात धरून पायरी चढलो.