सेहरा खाणारी शेळी

राजानंद हिवाळे वांगी घ्यायला थांबला की भाजीवाला बाकीची गिऱ्हाइकं आधी उरकून घेतो. राजानंद एकेक वांगं उजेडाकडे धरतो, देठ दाबतो, वास घेतो आणि शेवटी विचारतो, "कालची तर न्हाईत ना?" भाजीवाला शपथ घेतो. शपथ घेतली म्हणून राजानंदचा संशय आणखी वाढतो.

दोष त्याचा नाही, नोकरीचा आहे. जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत तो प्लॉट तपासायचा. बीजोत्पादनाच्या शेतात ओळीओळीने फिरायचं, हजारातलं एक परकं झाड हुडकायचं आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत उपटून टाकायचं, हे त्याचं काम. पोत्यांची शिलाईसुद्धा तो बोटाने चाचपायचा. पोतं उसवून पुन्हा शिवलं असलं की सुईची भोकं दुप्पट दिसतात. उभी हयात असं काम केल्यावर माणूस स्वतःच्या जावयाकडेही त्याच नजरेने बघणार, आणि तो बघतोच. मी त्याच कंपनीच्या कचेरीत होतो, आणि आता नवीन जालन्यात त्याच्या समोरच्या घरात राहतो. त्यामुळे त्याच्या घरची खबर मला काढावी लागत नाही, ती आपोआप दिसते.

त्याची बायको सत्यशीला मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. ती कमी बोलते, आणि कमी बोलणाऱ्या बायकांची मला जरा भीतीच वाटते. तिचं माहेर वडीगोद्री. तिचा धाकटा भाऊ कडूबा तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षी तिथल्या कालव्यात बुडून गेला. आजही माहेरी गेली की ती कालव्याच्या रस्त्याने जात नाही, लांबून वळसा घालते. त्याबद्दल तिला कोणी विचारत नाही. मीसुद्धा नाही, यावरून काय ते समजा.

तर भांडण सुरू झालं शेळीवरून.

लग्नानंतर या दोघांनी पहिला सिनेमा जालन्यात टॉकीजला पाहिला. हिंदी, घरगुती, त्या वेळी बराच चाललेला. त्या दिवसाची एक गोष्ट सत्यशीलावहिनी आवडीने सांगतात. वडीगोद्रीहून येताना एसटी पंक्चर झाली, आणि मग टॉकीजच्या अंधारात खुर्ची शोधताना त्यांनी एका जाड बाईच्या पायावर पाय दिला. ती बाई त्यानंतर बराच वेळ कण्हत होती. ही गोष्ट मला आता कण्हण्यासकट पाठ आहे.

गेल्या दिवाळीत लेकीने, संध्याने, पुण्याहून आई-बापाला मोठा टीव्ही पाठवला. राजानंदने मला बोलावून नेटवर तोच सिनेमा शोधून लावला, सुरुवात तेवढी बघू म्हणाला. याचंच मला नवल वाटलं, कारण हा सिनेमा एरवी टीव्हीवर लागला की तो चॅनल बदलायचा. "जाहिराती फार," म्हणायचा. सिनेमा सुरू झाला, नावांच्या पाट्या पडायला लागल्या, आणि राजानंद उठून उभा राहिला.

"शेळी कुठंय?"

"कोणती शेळी?" मी विचारलं.

"पाट्यांच्या आधी शेळी येती. काळी. लग्नाच्या मांडवात शिरती, नवरदेवाचा सेहरा खाती अन् पळती. सगळी वरात तिच्यामागं. मंग पाट्या पडतात. हे तर पहिलेच पाट्या दाखवून राह्यलेत."

"मी अशी शेळी बघितली न्हाई," सत्यशीलावहिनी म्हणाल्या.

"अगं, आपण सोबत बघितल्ती. तू किती हसली व्हती."

"मी?"

"मंग कोण?"

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. शाळेत कोणाच्या दप्तरात काय आहे ते न उघडता ओळखणारी नजर. मग शांतपणे म्हणाल्या, "मला न्हाई आठवत. असली तर दाखवा."

झालं. राजानंदने टीव्ही तिथेच बंद केला आणि मला नेटवाल्यांचं कारस्थान समजावून सांगितलं. हे लोक सिनेमे कापतात. आज शेळी कापली, उद्या हिरो कापतील, आणि आपण म्हणायचं, असंच होतं. डिस्कचं तसं नाही. "डिस्कवर एकदा छापलं ते छापलं, भालचंद्रराव. मागून येऊन कोणी उपटू शकत न्हाई."

संध्याने पुण्यातल्या एका जुन्या दुकानातून त्या सिनेमाची ब्लू-रे डिस्क मिळवून पाठवली. वेष्टनावर 'संपूर्ण' असं छापलेलं. राजानंद म्हणाला, लेबलावर काय, काहीही छापतात. घरातला जुना डीव्हीडी प्लेअर ही डिस्क तोंडात घ्यायचा आणि थोडं चावून बाहेर काढायचा. म्हणजे नवा प्लेअर आला. आता वहिनी अडवणार, असं मी धरून चाललो होतो. ही बाई मिक्सरचं तडकलेलं झाकण रबर लावून वर्षानुवर्षं वापरते. पण त्या म्हणाल्या, "खर्च बघू नका. चांगला घ्या. बारीकसारीक सगळं साफ दिसलं पाहिजे."

इथे मला पहिला संशय आला. राजानंदला आला नाही. दुनियेवर संशय घेणारा हा माणूस आपल्या घरात अगदी गाफील असतो.

स्टेशनकडच्या राधेश्यामच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. राधेश्यामला खरं तर आनंदच झाला. "साहेब, आता सगळे मोबाइलवर बघतात, हे कोण मागतं? दोनच पीस आहेत. एक सीलबंद, भारीतला. दुसरा साधा, दुकानात दाखवायला चालवलेला. तुम्ही भारीतलाच घ्या."

राजानंदने भारीतल्याचा खोका मांडीवर घेतला आणि चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. "ही पट्टी दोनदा लावलीय."

"ते रिमोटचे सेल काढून ठेवले, साहेब. राहिले तर गळतात."

"मंग सीलबंद कशाला म्हणले?"

राधेश्यामने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

मग त्याने दोन टीव्हींना दोन प्लेअर जोडून दाखवले. भारीतल्याचं चित्र खरंच उठावदार होतं, नटीच्या ओढणीचा टाका न् टाका मोजून घ्यावा असं. मी म्हटलं, संपलं, बिल करा. राजानंद म्हणाला, "वायरी बदला. ह्याची त्याला, त्याची ह्याला."

"कशाला, साहेब?"

"दोन वाण ताडून बघायचे तर जमीन एकच पाहिजे."

वायरी बदलल्या. उठावदार चित्र जागचं हललं नाही, त्याच टीव्हीवर राहिलं. म्हणजे टीव्ही चांगला होता, प्लेअर दोन्ही सारखेच. राधेश्याम म्हणाला, "हे माझ्या बिलकुल ध्यानात आलं न्हाई," आणि ते त्याने इतक्या गोड आवाजात म्हटलं की माझाही विश्वास बसला नाही.

मग राजानंदने रुमालात गुंडाळलेली डिस्क काढली. संध्याच्या लग्नाची, नातवाने भातुकलीत ताटली म्हणून वापरलेली. सगळीकडून ओरखडे. भारीतला प्लेअर हळदीतच अडकला. साधा थोडा अडखळला, पण पंगतीपर्यंत पोचला. मग राजानंदने चालू सिनेमात मेन बटण बंद करायला लावलं, कारण आमच्याकडे लाइट सांगून जात नाही. पुन्हा चालू केल्यावर भारीतला पहिल्यापासून सुरू झाला, साधा होता तिथूनच. शेवटी राजानंदने खिशातून बी बघायचं भिंग काढलं आणि डिस्कच्या मागचं विभागाचं अक्षर प्लेअरच्या मागच्या अक्षराशी जुळवलं. जगाच्या दुसऱ्या विभागासाठी काढलेली डिस्क चालत नाही, हे संध्याने फोनवर बजावलं होतं. अक्षर जुळलं.

"हा साधा द्या."

"दुकानात चाललेला पीस लोक नको म्हणतात, साहेब."

"चाललाय म्हणूनच घेऊन राह्यलो."

येताना ऑटोत मी विचारलं, "आता रोज सिनेमे का?"

"छे. फक्त शेळी बघायची. पाच मिनिटं. सिद्ध झालं की बंद."

पाच मिनिटांसाठी एवढा खटाटोप. मला दुसरा संशय आला, पण तो कशाचा ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

रविवारी दुपारी मला पंच म्हणून बोलावणं आलं. पंचाशिवाय काढलेलं सॅम्पल वादात टिकत नाही, असं राजानंदचं म्हणणं. चिवड्याची ताटली माझ्यापुढे. डिस्क आत गेली, आणि पाट्यांच्या आधी, खरोखर, मांडवात शेळी शिरली. तिच्या कानांवरची लव दिसत होती. तिने सेहरा ओढला, मोगऱ्याच्या माळा चावल्या आणि पळाली.

"तपकिरी आहे," मी म्हणालो.

"पण आहे." राजानंद बायकोकडे वळला. प्लॉट नापास केल्यावर शेतकऱ्याकडे वळायचा तसा. "बघितली?"

"बघितली. बराबर आहे तुमचं." वहिनींनी चष्मा पुसला. "आता मला एक सांगा. आपली एसटी पंक्चर झाल्ती. आपण आत गेलो तव्हा पाट्या संपून गाणं चालू व्हतं. अंधारात मी त्या बाईच्या पायावर पाय दिला. मंग ही शेळी तुम्ही कव्हा बघितली?"

राजानंदने डिस्कचं वेष्टन उलटून बघितलं.

"अन् हसलं कोण?"

मी चिवड्याची ताटली जवळ ओढली. त्या दिवाळीपासून वहिनी ज्याची वाट बघत होत्या ते हे होतं. आरोपीने स्वतः पुरावा शोधला, पारखून आणला, वर पंचही बोलावला.

"सॅम्पल," राजानंद म्हणाला.

"काय?"

"आदल्या दिवशी मी सॅम्पल बघायला गेल्तो. नव्या बायकोला न्यायचं, सिनेमा कसाय ते बघायला नको? इंटरव्हलपर्यंत बघितला अन् उठलो."

"सिनेमाचं सॅम्पल."

"हो."

"अन् इतक्या वर्षांत बोलले न्हाईत."

"विसरलो व्हतो. दोन्ही दिवस एकात मिसळले."

"कोण हसलं तेवढं बरं ध्यानात राह्यलं."

राजानंदने माझ्याकडे पाहिलं. "भालचंद्रराव, तुम्ही तरी सांगा. मी असा माणूस हाय का?"

"पंचानं समोर दिसतं तेवढंच सांगायचं असतं," मी म्हणालो. "मला शेळी दिसली."

या गडबडीत सिनेमा बंद करायचं राहूनच गेलं होतं. नवरा-नवरी, सासू, एक लबाड मामा, सगळे पुढे सरकत होते. राजानंद अधूनमधून पडद्याकडे चोरून बघत होता. मग तो एकदम उठला. "चला, सिद्ध झालं. बंद करतो. चौकात गरम भजी निघाली असतील, घेऊन येऊ."

त्याचा हात रिमोटवर पडायच्या आत वहिनींचा पडला.

"भजी?" त्या हळूच म्हणाल्या. "त्या दिवशी पण तुम्ही असंच केल्तं. इंटरव्हल व्हायच्या आधीच मला उठवलं. गर्दी व्हायच्या आत भजी घेऊ म्हणले. मी म्हणत व्हते, थांबा, सीन संपू द्या. ऐकलं न्हाई. काय लपवून राह्यले?"

"काही न्हाई."

"मंग बसा."

आता माझ्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. सिनेमात कुठल्या गर्दीचं शूटिंग, त्यात कोणी ओळखीची बाई, काय वाटेल ते. राजानंद बसला, पण पडद्याकडे पाठ करून. मी पुढे सरकलो.

पडद्यावर गावाबाहेरचा कालवा आला. नायकाचा धाकटा भाऊ म्हैस धुवायला उतरला. काठावर त्याचा सदरा घडी करून ठेवलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड. मग म्हैस एकटीच बाहेर आली. माणसं धावली. कॅमेरा त्या सदऱ्यावर गेला आणि तिथेच राहिला. प्लेअर चांगला निवडला होता. दगडाखालची चुरगळलेली कॉलर स्पष्ट दिसत होती. मग 'मध्यंतर' अशी पाटी आली.

वहिनींनी सिनेमा थांबवून रिमोट मांडीवर ठेवला.

"तुम्हाला माहीत व्हतं," त्या म्हणाल्या.

"सॅम्पल बघितल्तं ना," राजानंद भिंतीकडे बघत म्हणाला.

"मंग दुसऱ्या सिनेमाला न्यायचं."

"तव्हा तेवढाच बरा लागल्ता. बाकी सगळा चांगला व्हता. एक झाड काढून टाकलं की प्लॉट पास करता येतो."

म्हणजे नेटवाल्यांना शिव्या देणारा हा माणूस स्वतःच कात्री घेऊन बसला होता, टॉकीजमध्ये भज्यांची आणि घरात जाहिरातींची. हे बोलून दाखवावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण वहिनींकडे पाहिलं आणि चिवडा खाल्ला.

त्यांनी रिमोट राजानंदपुढे केला. "लावा पुढचं."

राजानंद उठला. सवयीने प्लेअरचं दार उघडलं, डिस्क काढली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून तिच्यावर चरा पडलाय का ते बघायला लागला.

"तिला काही झालेलं न्हाई," वहिनी म्हणाल्या. "बसा."

त्याने डिस्क परत घातली आणि तो बसला. सिनेमा सुरू झाला. मामा पकडला गेला, सासू नरमली. वहिनी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "पण हसलं कोण?"

"सगळं टॉकीज हसलं."

"हं," वहिनी म्हणाल्या.

तो 'हं' मी नीट ऐकला. तो मान्य केल्याचा नव्हता. मग राजानंदने मला विचारलं, भालचंद्रराव, भजी तेवढी तुम्ही आणता का? मी म्हणालो, गुडघा दुखतोय. अजून अर्धा सिनेमा बाकी होता, आणि त्यातून काय निघेल याचा काही भरवसा नव्हता.