आईला विकलेली पॉलिसी

बँकेतला तो माणूस आमच्या घरी येतो हे मला माहीत होतं, आणि मला त्याचं बरंच वाटायचं. हे आधी कबूल करते, कारण त्याचा राग येतो तेव्हा माझाही तेवढाच येतो.

बाबा गेल्यावर मी आईला नागपूरहून बेळ्ळंदूरला, कन्नड मुलखात, माझ्याकडे आणलं. चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट. मी सकाळी ऑफिसला गेले की दिवसभर तिच्याशी मराठीत दोन शब्द बोलणारं कुणी नसायचं. बाबांच्या फंडाचे पैसे तिच्या नावावर ठेवायला आम्ही जवळच्या बँकेत गेलो, तेव्हा समोरचा तरुण अधिकारी एकदम म्हणाला, "काकू, तुम्ही नागपूरच्या का?" तो वर्ध्याकडचा निघाला. आईचा चेहरा किती दिवसांनी खुलला होता.

मग तो घरी येऊ लागला. कधी फॉर्मवर सही हवी म्हणून, कधी नुसताच. आई त्याच्यासाठी कोथिंबिरीच्या सांबारवड्या करायची आणि मला फोनवर सांगायची, "किती ऐकून घेतो गं पोरगा."

वर्षभरानं तिचं पासबुक भरून आणलं तेव्हा मला एक मोठी रक्कम गेलेली दिसली. बरोबर वर्षापूर्वीही तेवढीच गेली होती. आईनं कपाटातून, साड्यांखालून एक जाड पाकीट काढलं. न फोडलेलं. "जपून ठेवा म्हणाला होता. एफडीच आहे, फक्त व्याज जास्त."

ती एफडी नव्हती. दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी होती. पासष्ट वर्षांच्या, पेन्शनवर जगणाऱ्या बाईला विकलेली.

मी बँकेत जाऊन ओरडले. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "मॅडम, सही तर त्यांचीच आहे." तो अधिकारी दुसऱ्या शाखेत गेला होता.

ऑफिसातल्या एकानं इंदिरानगरमधला त्याचा सल्लागार सुचवला. काचेचं ऑफिस, फेसाळ कॉफी, सल्ला फुकट. त्यानं त्या पॉलिसीला मनसोक्त शिव्या घातल्या आणि ड्रॉवरमधून दुसऱ्या कंपनीच्या पॉलिसीचं माहितीपत्रक काढलं. मी विचारलं, "ही घेतली तर तुम्हाला किती मिळतं?" तो नुसता हसला. मी कॉफी तशीच टाकून उठले.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी एक नाव दिलं. त्यांच्या यजमानांची निवृत्तीची सगळी कामं त्या बाईंनी लावून दिली होती. चामराजपेटला एका वह्यांच्या दुकानावर दोन खोल्या. बाई निपाणीच्या, पन्नाशीच्या, आवाज करडा. बसायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "मी काही विकत नाही. माझी फी आहे, ती तुम्ही द्यायची. कंपनीकडनं मला एक रुपया येत नाही. चालतंय?"

आईला त्या मुळीच आवडल्या नाहीत. पाणीसुद्धा विचारलं नाही, म्हणाली.

मी बोलायला लागले तर त्यांनी हात वर केला. "स्वल्प थांबा. पैसे तुमच्या आईंचे हाईत, त्या सांगतील." तासभर त्यांनी आईलाच विचारलं. महिन्याला काय लागतं, दुखणीखुपणी काय, कशाची भीती वाटते. मी मुलगी असून यातलं एकही कधी विचारलं नव्हतं.

"तक्रार करायला पाहिजे," बाई म्हणाल्या.

आई मान हलवत राहिली. "नको. त्याची नोकरी जाईल. दर आठवड्याला यायचा तो. तू होतीस कुठे?"

हे तिनं माझ्याकडे बघून म्हटलं.

बाईंनी वाद घातला नाही. पाकिटातून अर्जाची प्रत काढून त्या एकेक ओळ आईला मराठीत वाचून दाखवू लागल्या. व्यवसाय: व्यापार. उत्पन्न: भलतंच. फोन नंबर: त्याचा स्वतःचा, म्हणजे कंपनीनं खात्री करायला केलेला फोनही त्यानंच उचलला असणार.

"मधुमेह आहे का? उत्तर लिहिलंय, नाही."

आईनं मान वर केली. "काय?"

"नाही, असं लिहिलंय. उद्या तुम्हाला काही झालं असतं, तर कंपनी म्हणाली असती, आजार लपवला. लेकीला पैसे द्यायला खळखळ केली असती."

"त्याला माहीत होतं," आई म्हणाली. "माझ्याबरोबर बिनसाखरेचा चहा प्यायचा तो. इन्सुलिन संपलं तेव्हा त्यानंच आणून दिलं होतं." मग तिनं हात पुढे केला. "कुठे सही करायची ते दाखवा. आणि या खेपेला मी आधी वाचणार."

कंपनीनं दोनदा नकार दिला. बाईंनी विमा लोकपालाकडे अर्ज लिहून दिला, आणि पुष्कळ महिन्यांनी पैसे परत आले. माफीचं एक अक्षर आलं नाही. त्या अधिकाऱ्याला बढती मिळाल्याचं बँकेतल्याच एकीनं मला सांगितलं. त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रागानं रडले.

पैशांचं आता ठीक आहे. बाईंनी ते साध्या ठेवींत विभागून दिले, वर सांगितलं, "वर्षभर येऊ नका, उगाच फी जाईल." पण परवा इथल्या मराठी मंडळातल्या दोन मुली हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या, छान मराठीत बोलत होत्या, आणि आईनं जाळीचं दार उघडलंच नाही. आतूनच विचारलं, "माझं नाव तुम्हाला कोणी दिलं?"