एसटीतलं 'अहो'

आमच्या गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून दोघींचं वाजलं ते आजतागायत. एकमेकांच्या लग्नाला जायचं नाही, मयतीलाही नाही. कॉलेजात सरांनी बर्लिनची भिंत शिकवली, तिथली पोरं-पोरी दोन बाजूंना कशी झुरायची ते सांगितलं, तेव्हा मला हसूच आलं. आमच्याकडं एक वीटही न लावता भागलं होतं की!

मी वरच्या आळीची. आणि मला आवडावा कोण, तर खालच्या आळीतला! भोरच्या कॉलेजात आम्ही बोलायचो, एसटीत मात्र अनोळखी. तो गावाच्या आधीच्या फाट्यावर उतरून चालत यायचा. घरी कळलं असतं तर माझं कॉलेज त्याच दिवशी बंद. वेल्ह्याकडचं एक स्थळ तर दबा धरूनच बसलेलं. एकट्यात मी त्याला गमतीनं 'अहो' म्हणायची. लई गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एकदा कापूरहोळला माझी आत्या एसटीत चढली. कामथडीहून माहेरी निघालेली. बसली नेमकी माझ्याशेजारी. फाटा आला, आमची स्वारी उतरली आणि त्याचा मोबाईल राहिला सीटवर. कंडक्टरनं घंटी मारली आणि माझ्या तोंडून गेलंच, "अहो, मोबाईल!"

दुसऱ्या कुणी गुमान मोबाईल घेऊन वाट धरली असती. पण हा बावळट मुरलेल्या नवऱ्यासारखा वळून म्हणतो, "काय गं?"

अख्खी एसटी खुदखुदली. आत्या तेवढी हसली नाही.

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. वडील ओसरीवरच उभे. "उद्यापासनं कॉलेज बंद," ते म्हणाले. "आक्का, तू तरी समजाव हिला."

आत्या पायरीवरच टेकली. "काय समजावू? आमच्या ह्यास्नी म्या जलमभर अहोच म्हणलं. तुमी समद्यांनी दिलं तिथं नांदले. पर हिनं आज मारली तशी हाक मला एकदाबी मारता आली न्हाई."

वडलांना बहिणीकडं बघवेना. मग चपला घातल्या, आणि जाता जाता माझ्याकडं न बघताच म्हणाले, "सकाळची एसटी चुकवू नगंस."