मशीन जड चालते, म्हणाल्या द्वारकाबाई

मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता. तिथंच माझी पंचाईत झाली.

पिंपळगाव राजाला गजाननच्या घरी, समोरच्या खोलीत मी फरशीवर बसलो होतो. मशीनचं डोकं उलटं करून ठेवलेलं, बाजूला तेलाची कुपी आणि जुनं बनियान फाडून केलेलं पुसणं. गजानन दाराला टेकून मोबाईल पाहत उभा होता. त्याचं म्हणणं एवढंच की आई म्हणते मशीन जड चालते, तर तेलपाणी करून द्या, रविवारी टेम्पो येणार आहे. मशीन मलकापूरला त्याच्या बहिणीकडे जायची होती. आई दिवाळीपासून मशीनवर बसलीच नव्हती. मग नुसती ठेवून काय करायचं, असा त्याचा सरळ विचार.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. खामगावात छोटं दुकान आहे, पण अर्धं आयुष्य एसटीत आणि लोकांच्या ओसरीत गेलं. ‘जड चालते’ ही आमच्या धंद्यातली सगळ्यात कॉमन कम्प्लेंट. डॉक्टरकडे जसे तापाचे पेशंट, तशा माझ्याकडे जड मशीनी. कारणं बरीच असतात. तेल वाळून चिकट होतं. चाकाच्या बुशात, म्हणजे आस ज्यात फिरतो त्या कड्यात, दोरा गुंडाळून बसतो. चामड्याचा पट्टा फार आवळलेला असतो. शटलमध्ये, म्हणजे खालचा दोरा जिथून येतो त्या भागात, कपड्याचा भुसा साचतो. एकेक पाहत जायचं. यात हुशारी लागत नाही, धीर लागतो.

एकेक करत सगळं पाहिलं. बुश साफ, पट्टा बरोबर, शटल आरशासारखं. डोकं परत बसवून चाकाला करंगळीनं ढकललं, तर ते किती तरी वेळ आपलं फिरतच राहिलं. एवढी हलकी मशीन तर माझ्या स्वतःच्या दुकानात नव्हती.

आईचे डोळे दाखवले का, असं मी गजाननला विचारलं. तो म्हणाला, मोतीबिंदूचं ऑपरेशन कधीच झालं, आता सुईत दोरा स्वतः ओवते. मोटर पण लावून दिली होती, तर एक दिवस चालवून तिनं ती काढून ठेवली. मोटर माझ्या हाताच्या पुढं पळते, म्हणे.

“मंग झालं काय त्याइले?”

“वय झालं काका, दुसरं काय,” तो म्हणाला आणि फोन आला म्हणून बाहेर गेला.

ओसरीत द्वारकाबाई, म्हणजे त्याची आई, तुरी निवडत बसल्या होत्या. मी त्यांना फार वर्षांपासून ओळखत होतो. गावातल्या किती तरी नवऱ्या त्यांच्या हातचं ब्लाउज घालून बोहल्यावर चढल्या. बाई तोंडाची फटकळ. एकदा मी वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, जरा सैल ठेवून गेलो, तर दुसऱ्या दिवशी एसटीनं खामगावला येऊन त्यांनी मला माझ्याच दुकानात गिऱ्हाइकांसमोर झापलं होतं. तीच बाई आज मी मशीन उघडून बसलो होतो तरी वळून पाहत नव्हती. मला फार वाईट वाटलं. झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

चहा घेऊन सून आली, वैशाली. कप ठेवला आणि तिथंच बसली. हळू आवाजात म्हणाली, “काका, मशीन बनली असं इतक्यात सांगू नोका.”

मग तिनं सगळं सांगितलं. आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, आधी फ्रॉक घेईनाशा झाल्या, मग ब्लाउज, मग नुसतं फॉल लावणं. कोणी बाई कपडा घेऊन आली की डोळे दुखतात म्हणून परत पाठवतात. दिवसभर ओसरीत बसून राहतात. जेवणावर वासना नाही. पूर्वी ताटात मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायच्या, आता अळणी वाढलं तरी गुपचूप खातात.

“मशीन गेली न काका, त आत्याबाई बी जातीन,” ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. सासूसाठी सुनेच्या डोळ्यांत पाणी मी फार ठिकाणी पाहिलेलं नाही, खोटं कशाला बोलू.

मी पुन्हा मशीनपुढं बसलो. आता मशीन सोडून बाकीचं पाहू लागलो. पायडल, म्हणजे ज्यावर पाय ठेवून मशीन चालवतात ती लोखंडी जाळी, नेहमी सगळीकडून गुळगुळीत झालेली असते. अख्ख्या तळपायानं घासून घासून. इथं मात्र अलीकडची चकाकी फक्त जवळच्या काठावर होती, मागचा भाग गंजत चाललेला. खुर्चीचंही तसंच. बसायची फळी पुढच्या कडेला झिजून उतरती झालेली. आणि बसताना उंचीला घ्यावं तसं घडी घातलेलं एक पोतं खुर्चीखाली सरकवून ठेवलेलं होतं.

मी हाक मारली. “मावशी, पट्टा आवळाचा हाये. जरा बसून चाक धरता का?”

धंद्याची गोष्ट म्हटल्यावर त्या उठून आल्या. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. पायांची नुसती बोटं पायडलला लागत होती, टाचा हवेत. हात मशीनवर ठेवायला खांदे पार कानापर्यंत गेले. या बाई कधी उंच नव्हत्याच, पण आता चांगल्याच आखडल्या होत्या. म्हातारपणी पाठीचा कणा दबतो आणि माणूस उंचीला कमी होतं. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्याचं ते घरच्यांना दिसत नाही.

मी पाहतोय हे त्यांनी पाहिलं. झटकन उठल्या. “डोये मशीनवर ठेवा, मिस्त्री,” म्हणाल्या आणि परत तुरीपाशी जाऊन बसल्या.

मी गजाननला गल्लीत गाठलं.

“मशीन हलकी हाये. तुही आई कमी झाली, गजानन. पाय पुरत नाईत तिचे.”

“मंग तेच त मी म्हणून राह्यलो. आता आराम कराव तिनं.”

माझं डोकं सटकलं. “ब्लाउज ढिलं झालं त बाई बदलता का बे? टाकाच घालता ना?”

तो म्हणाला की लहानपणी त्याचा सगळा अभ्यास त्या पायडलच्या आवाजात झाला. तो झोपायचा तरी आवाज चालूच असायचा. आईचे पाय एकदाचे थांबावेत, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याचंही चुकत नव्हतं. पोरगा मायेनंच आईला बसवत होता, आणि ती बसल्या जागी वाळत होती. मी त्याला म्हटलं, रविवारपर्यंत वेळ दे, नाही जमलं तर मीच मशीन टेम्पोत चढवतो.

आता हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. खुर्ची खाली घेतली तर पाय टेकतात, पण टेबल छातीला येतं आणि खांदे भरून येतात. खुर्ची वर घेतली तर हात बरोबर बसतात, पण पाय अधांतरी. बसणारं माणूस कमी होतं, पण टेबल आणि पायडल यांच्यातलं अंतर काही कमी होत नाही. गजानन म्हणाला, स्टँडचे पाय कापू, खाटेचे कापतो तसे. पण स्टँड बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कापायला गेलं की तडकतं. आणि कापून उपयोगही नाही, टेबलाबरोबर पायडलही खाली जातं. म्हणजे करायचं उलटं. खुर्ची वर न्यायची, आणि पायडलही वर आणायचं.

घरात बाभळीचा एक ठोकळा पडलेला होता. तो मी तारेनं पायडलवर आवळून बांधला आणि चाक फिरवून पाय मारला. पायडल मधल्या दांडीवर तराजूसारखं डोलतं. ठोकळा जड, त्यात एका अंगाला जास्त बसलेला. पायडल तिकडंच झुकलं, चाक मागं फिरलं आणि दोरा तुटला.

“उलटी गेली,” ओसरीतून आवाज आला.

द्वारकाबाईंनी मान वर केली नव्हती. बोटं तुरीतच होती. पण कान इकडं होते. वैशालीनं माझ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मला तर त्या तुटलेल्या दोऱ्याचा आनंद झाला. मनात म्हटलं, मिस्त्री, बाई अजून जाग्यावर आहे, आता काम नीट कर.

पुन्हा शनिवारी गेलो. मधल्या दिवसांत दुकानात बसून फळांच्या पेटीच्या पातळ फळ्यांचा एक खोका केला होता, आतून पोकळ, वजनाला काहीच नाही. दांडीच्या पुढं आणि मागं सारखा बसेल असा. वरून सायकलच्या टायरचा तुकडा ठोकला, म्हणजे पाय घसरायला नको. खुर्चीच्या चारही पायांखाली लाकडी गुटके स्क्रूनं पक्के केले. चढायला बाजूला एक पाट ठेवला. स्वतः पायडल मारून पाहिलं, तर माझे गुडघे टेबलाला आपटले. म्हणजे बरोबर झालं होतं.

प्रश्न होता बाईंना बसवायचं कसं. वैशाली म्हणत होती, काही बोलू नका, नवीन पद्धतीचं सामान आलं असं सांगा. मी तसं ठरवलंही होतं. पण द्वारकाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून खोक्याकडं पाहू लागल्या, आणि माझ्याच्यानं खोटं बोलवेना. ज्या बाईनं मला सैल टेन्शनवरून झापलं, तिला काय थापा मारणार?

“मावशी,” मी म्हणालो, “मशीन पहिल्यापासून बरोबर हाये. तुमी कमी झाल्या. म्हून मशीन तुमच्या मापाची केली.”

गजानन माझ्याकडं असा पाहत होता की जणू मी त्याच्या आईला शिवी दिली. द्वारकाबाई तशाच वळल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, संपलं. उद्या टेम्पो.

त्या बाहेर आल्या तेव्हा हातात त्यांचा स्वतःचा एक परकर होता, धुऊन घडी घातलेला. तो त्यांनी सुनेपुढं उलटा करून धरला. खालच्या काठावर आतल्या बाजूनं टाक्यांच्या ओळी होत्या, एकावर एक, जुन्या उसवलेल्या आणि वर पुन्हा घातलेल्या.

“हे पाह्य,” त्या म्हणाल्या. “परकर पायात येते म्हून दर उन्हाळ्याले दुमड वाढवून राह्यली मी. मले काय ठाव नव्हतं?”

“मंग आमाले काऊन नाई सांगतलं, आई?” गजाननचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

“सांगतलं असतं त तू म्हणला असता, बस आता आई. मायेनंच म्हणला असता. अन् एकदा बसली असती, त मंग मले कोणी उठू देलं असतं? म्हून म्हणलं, मशीनच जड हाये.”

मशीनवर आळ घालून या बाईंनी आपलं कमी होणं लपवलं होतं. पण परकराला ते लपवता आलं नाही, कारण तो त्या स्वतःच शिवत होत्या. मी उगीच पट्ट्याला हात लावून पाहू लागलो.

द्वारकाबाई पाटावर चढल्या, खुर्चीत मागं सरकून बसल्या. पाठ टेकली. दोन्ही पाय अख्खे खोक्यावर टेकले, टाचांसकट. खांदे खाली आले. चष्मा लावून दोरा ओवला, परकराची कड सुईखाली घेतली, आणखी बोटभर दुमडली आणि चाकाला उजव्या हातानं झटका दिला. चाक सुलटं फिरलं. सगळ्यांसमोर त्या आपला परकर आखूड करत होत्या, आणि टाका सरळ रेषेत चालला होता. गजानन खाली उकिडवा बसून आईच्या पायांकडं पाहत राहिला. वैशाली रडत होती आणि हसतही होती.

दोऱ्याचं टोक तोडून त्या मला म्हणाल्या, “कटिंगचं टेबल उंच हाये. त्याचं काय?”

टेबल लाकडी होतं, त्याचे पाय कापता आले. कपडे टांगायची दांडीही खाली घेतली. गजाननने बहिणीला फोन करून मशीन येत नाही म्हणून सांगितलं, तर ती म्हणाली, मी कधी मागतली होती? मला शिवता तरी येतं का? त्या दिवशी त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं हसणं झालं. जेवायला मला आग्रहानं बसवलं, आणि वरणात मीठ कमी आहे म्हणून द्वारकाबाईंनी सुनेला माझ्यासमोर सुनावलं. वैशालीचा चेहरा असा फुलला की जसं काही बक्षीस मिळालं.

तेव्हापासून कोणी मशीन जड चालते म्हणालं की मी आधी पेचकस काढत नाही. म्हणतो, आधी बसून दाखवा. यामुळे माझे बरेच धंदे बुडतात, कारण निम्म्या मशीनी चांगल्या निघतात.

मागच्या उन्हाळ्यात दुकानात फोन आला. गजाननच्या नंबरवरून होता, पण बोलत होत्या द्वारकाबाई.

“मिस्त्री, टाचा पुन्हा उचलाव्या लागून राह्यल्या. खोक्यावर एक फळी अजून ठोका लागते.”

“येतो मावशी,” मी म्हणालो.

“लवकर या,” त्या म्हणाल्या. “लगनसराई हाये, ब्लाउजं पडून हायेत.”